बास्केटबॉलपटूचा पगार कोण देतो?

जयपूरच्या विद्याधर नगरात गेल्या हिवाळ्यात पंधरा दिवस मुक्काम होता. संध्याकाळी फिरायला निघालो की एका सेक्टरातल्या बागेशेजारच्या सिमेंटच्या बास्केटबॉल कोर्टापाशी पाय थबकत. कोर्ट जुने. बोर्डाच्या कडा गंजलेल्या, एका रिंगला जाळी नाही. थ्री-पॉइंटची पांढरी रेषा ऑइलपेंटने आखलेली, आणि तिच्या बाहेर साधारण अर्ध्या मीटरवर खडूची दुसरी रेषा. दोन रेषा कशाला, म्हणून तिथल्या प्रशिक्षकांना विचारले. २०१० मध्ये ‘फिबा’ने, म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाने, हे अंतर ६.२५ मीटरवरून ६.७५ मीटर केले. कोर्ट त्याआधीचे. रंग द्यायला पैसे नाहीत, म्हणून खडू. दव पडले की सकाळी रेषा पुसट होते आणि संध्याकाळी कोणीतरी पोरगा ती पुन्हा ओढतो.

त्यातल्याच सतरा-अठरा वर्षांच्या एका उंच मुलाला पुढे काय करणार असे विचारले. ‘‘सर, रेल्वे में ट्रायल दूँगा, टीसी लग गया तो सेट.’’ एनबीएचे नाव त्याच्या बनियनवर होते, तोंडी नव्हते. व्यावसायिक बास्केटबॉलपटू होणे म्हणजे भारतात नेमके काय, या प्रश्नावर गेली पंधरा-वीस वर्षे खेळाडू, प्रशिक्षक, संघटक आणि पालक यांच्यात जे बोलले जाते, ते बरेचसे या एका वाक्यात आले. या लेखात त्या चर्चेचा आढावा घ्यायचा आहे.

मागचा रस्ता

खेळ अमेरिकेतला. १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ यांनी तो बसवला आणि वायएमसीएच्या मार्फतच तो भारतात आला. १९२० मध्ये हॅरी क्रो बक यांनी मद्रासला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले. तिथून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी तो शाळाशाळांत नेला. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ मध्ये दिल्लीत झाली, भारतीय महासंघ १९५० चा.

मुंबईत या खेळाचे घर नागपाडा. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी तिथे नेबरहूड हाउस उभारले. ज्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेला आपण आज ‘टिस’ म्हणतो, तिची सुरुवातही १९३६ मध्ये त्याच इमारतीत झाली. समाजकार्याचे शिक्षण आणि बास्केटबॉल एका छताखाली रुजले, ही गोष्ट मला नेहमी गमतीची वाटत आली आहे. त्या गल्ल्यांतून पुढे आलेले गुलाम अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. नागपाड्याच्या जोडीला माटुंग्याचे डॉन बॉस्को आणि तिथला सॅव्हिओ कप, इंडियन जिमखाना, पुण्यात डेक्कन जिमखाना, शिवाय नागपूर. मराठी मुलुखातला बास्केटबॉल असा मोजक्या कोर्टांभोवती फिरत राहिला.

राजस्थानातले चित्र वेगळे होते. तिथे खेळाला आधार दिला तो कारखान्यांनी आणि खात्यांनी. १९६७ चे अर्जुन पुरस्कारविजेते खुशीराम लष्करातून पुढे आले आणि नंतर कोटा शहरातल्या कारखान्याच्या संघाशी जोडले गेले. भारतातला सर्वांत मोठा सेंटर कोण, असे जुन्या मंडळींना विचारले तर आजही त्यांचे नाव आधी येते. वाळवंटातल्या जैसलमेरला पुढे बास्केटबॉलची सरकारी अकादमी निघाली. खेळाडूला गिरणी, रेल्वे, पोलीस किंवा सैन्याने पोसायचे आणि त्याने त्यांच्या जर्सीत खेळायचे, ही रीत त्या पिढीत पक्की झाली.

भारताचा पुरुष संघ ऑलिंपिकला एकदाच गेला, १९८० ला मॉस्कोत. बहिष्कारामुळे अनेक देश आले नव्हते, म्हणून जागा मिळाली. सगळे सामने हरले. त्या संघातले अजमेर सिंग, हनुमान सिंग, राधेश्याम अशी नावे आजही कोर्टाकडेला निघतात. त्यांच्यातला एकही आजच्या अर्थाने व्यावसायिक नव्हता. सगळे कुठे ना कुठे नोकरीत होते. भारतीय बास्केटबॉलपटूच्या कारकिर्दीचा पहिला नमुना हाच.

पहिली बाजू: नोकरी हाच व्यवसाय

या बाजूचे म्हणणे सरळ आहे आणि ते हेटाळण्यासारखे मुळीच नाही. बास्केटबॉलचे गुडघे तिशीत बोलू लागतात. सिमेंटवर दहा वर्षे उड्या मारलेल्या माणसाला पस्तिसाव्या वर्षी घर कोण चालवून देणार? रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, प्राप्तिकर, पंजाब पोलीस, केरळचे वीज मंडळ यांचे संघ देशातल्या स्पर्धांवर वर्षानुवर्षे पकड ठेवून आहेत. केंद्र सरकारच्या गट ‘क’पर्यंतच्या सरळसेवा भरतीत खेळाडूंना पाच टक्क्यांपर्यंत जागा आहेत, महाराष्ट्रात पाच टक्के समांतर आरक्षण आहे, राजस्थानात दोन टक्के. खेळ संपला तरी नोकरी राहते, बढती मिळते, पेन्शन किंवा निदान भविष्य निर्वाह निधी असतो. वाराणसीचा विशेष भृगुवंशी अनेक वर्षे भारताचा कर्णधार होता. ओएनजीसीत राहूनच त्याने कारकीर्द घडवली आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळवला.

आक्षेप घेणारे म्हणतात की या व्यवस्थेत खेळाडूची भूक नोकरी लागेपर्यंतच टिकते. तो खेळाडूंच्या राखीव जागेतून नोकरीला लागतो, आणि लागला की त्याचे ध्येय गाठले जाते. ट्रायलला चांगला दिसेल इतका खेळ विशीपर्यंत तयार होतो आणि पुढे वाढत नाही. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. नोकरीसाठी प्रमाणपत्र लागते, म्हणून प्रमाणपत्राचाच बाजार भरतो. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे महाराष्ट्रात पोलिसांपर्यंत गेली आहेत. तिसरी अडचण कोणी फारशी बोलत नाही. खात्याचा खेळाडू खात्याच्या परवानगीशिवाय कुठल्याही लीगमध्ये उतरू शकत नाही. सुट्टीचा अर्ज साहेबाच्या टेबलावर पडून राहतो आणि तिकडे मोसम संपतो.

मला यात खटकते ते वेळापत्रक. खात्याच्या संघाला वर्षभरात मोजक्याच मोठ्या स्पर्धा असतात: राष्ट्रीय स्पर्धा, फेडरेशन कप, आंतरखाते स्पर्धा, काही निमंत्रितांच्या. प्रत्येकीचा मामला आठवड्याभराचा. अमेरिकेतल्या एनबीएचा संघ साखळीतच ८२ सामने खेळतो. आपला उत्तम खेळाडू सरावात हजारो बास्केट करतो, पण चौथ्या क्वार्टरमध्ये दोन गुणांनी मागे असताना चेंडू हातात असण्याचे प्रसंग त्याच्या वाट्याला फार थोडे येतात. पगार आहे, पण तो खेळण्याचा नाही, हजेरीचा आहे.

दुसरी बाजू: लीग हवी

ही मागणी जुनी आहे, पण २०१४ नंतर तिला धार आली, आणि ती धार याच जयपूरने दिली असे म्हणता येईल. प्रो कबड्डीचा पहिला मोसम जयपूर पिंक पँथर्सने जिंकला, अंतिम सामन्यात यू मुंबाला हरवून. कालपर्यंत मातीत खेळणारी पोरे टीव्हीवर आली, लिलावात त्यांच्या बोली लागल्या. विद्याधर नगरातल्या त्या प्रशिक्षकांच्या बोलण्यात ही सल दर दुसऱ्या वाक्याला येते: कबड्डीला जमले, मग आम्हाला का नाही?

जमवण्याचे प्रयत्न कमी झाले नाहीत. २०१० मध्ये महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी तीस वर्षांचा करार केला. त्यातून शालेय-महाविद्यालयीन स्पर्धा झाल्या, शिष्यवृत्त्या मिळाल्या, पण ज्या लीगची वाट पाहिली जात होती ती उभी राहिली नाही. २०१५ मध्ये यूबीए ही खाजगी लीग आली. तिच्यात मुंबई चॅलेंजर्स होते आणि आपल्या मंडळींना नावानेच आवडावा असा पुणे पेशवाजही होता. ती २०१७ पर्यंत चालली. २०१८ मध्ये तिघा-तिघांच्या संघांची थ्री-बीएल आली. २०२२ पासून महासंघाच्या छत्राखाली आयएनबीएल सुरू झाली. तिच्यात चेन्नई हीट, मुंबई टायटन्स, दिल्ली, बेंगळुरू, कोची, चंदिगड असे संघ उतरले, आणि २०२५ च्या सुरुवातीला पंचविशीच्या आतल्या खेळाडूंसाठी तिचा निराळा मोसम झाला.

लीगच्या बाजूने बोलणारे म्हणतात, बाजार हळूहळू तयार होतो, कबड्डीलाही टीव्हीची साथ मिळाली म्हणून ती वाढली, चार मोसम द्या. विरोधातले म्हणतात, पाहायला कोण येणार? ज्याला बास्केटबॉल आवडतो तो पहाटे उठून एनबीए बघतो, मग त्याला इथला खेळ संथ वाटतो. कबड्डीला ही अडचण नव्हती, कारण जगातली सर्वांत चांगली कबड्डी इथेच खेळली जाते. हा मुद्दा मला बिनतोड वाटतो. त्यावर एकच उत्तर ऐकले ते असे, की पूर्वी युरोपातल्या फुटबॉलबद्दलही आपल्याकडे असेच म्हणत, तरी केरळात आणि बंगालात स्थानिक संघाचे सामने भरतातच. म्हणजे प्रश्न गावाच्या जिव्हाळ्याचा आहे. आणि जो संघ एकाच शहरात दोन आठवडे हॉटेलात राहून सगळे सामने उरकतो, त्याला कुठल्याच गावाचा जिव्हाळा लागत नाही.

लीगांच्या वाटेत महासंघाची भांडणेही आली. मार्च २०१५ मध्ये दोन गटांनी दोन निवडणुका घेतल्या. एका गटाचे अध्यक्ष के. गोविंदराज, दुसऱ्या गटाच्या अध्यक्ष पूनम महाजन. फिबाने पुढे गोविंदराज यांच्या गटाला मान्यता दिली. २०२३ मध्ये आधव अर्जुन अध्यक्ष झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत झाला आणि अशा वादांसाठी लवादाची तरतूद झाली. खेळाडूच्या दृष्टीने या सगळ्याचा अर्थ इतकाच, की कुठल्या जर्सीत खेळले तर कोण रागावेल हे त्याला आधी विचारून घ्यावे लागते.

तिसरी बाजू: विमान पकडा

परदेशी जाणाऱ्यांची नावे थोडी आहेत, म्हणून प्रत्येकाची गोष्ट माहीत असते. त्यातल्या बऱ्याच गोष्टी लुधियानाच्या अकादमीतून, दिवंगत प्रशिक्षक एस. सुब्रमण्यम यांच्या हाताखालून सुरू होतात.

सर्वांत गाजलेली गोष्ट सतनाम सिंगची. पंजाबच्या बरनाला जिल्ह्यातले बल्लो के हे त्याचे गाव, उंची सात फूट दोन इंच. २०१० मध्ये तो फ्लोरिडाच्या आयएमजी अकादमीत गेला. २५ जून २०१५ रोजी डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. त्याच्यावर निघालेल्या माहितीपटाचे नावच होते ‘वन इन अ बिलियन’. पण एनबीएच्या मुख्य मोसमात तो एकही सामना खेळला नाही. टेक्सास लेजेंड्स या एनबीएच्या दुय्यम लीगच्या (आजची जी-लीग) संघात दोन मोसम बहुतेक वेळ बाकावर गेले, मग यूबीए, मग कॅनडातला सेंट जॉन्स एज. २०१९ मध्ये उत्तेजक चाचणीत तो अडकला आणि २०२० मध्ये दोन वर्षांच्या बंदीचा निकाल लागला. त्यानंतर त्याने अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीचा आखाडा धरला.

सतनामच्या गोष्टीचे दोन अर्थ लावले जातात. एक असा की उंची पाहून घाईने उचललेला मुलगा खेळात कच्चा राहिला. विशीतल्या अमेरिकन मुलाच्या पायाखालून जितके सामने गेलेले असतात, त्याच्या पासंगालाही तो पुरला नव्हता. दुसरा अर्थ असा की दार त्याने उघडले आणि मागचे आत गेले. अमृतपाल सिंग अमृतसरकडच्या शेतकरी घरातला. तो आधी कबड्डी खेळे, बास्केटबॉलकडे वळला तोच मुळी अठराव्या वर्षाच्या आसपास. तो जपानमध्ये खेळला आणि २०१७ मध्ये सिडनी किंग्जकडून ऑस्ट्रेलियाच्या एनबीएलमध्ये उतरला. अमज्योत सिंग जपानमार्गे ओक्लाहोमा सिटी ब्लू या जी-लीगच्या संघात पोचला. पलप्रीत सिंगला २०१६ मध्ये त्याच लीगच्या लाँग आयलंड नेट्सने निवडले. प्रिन्सपाल सिंग एनबीएच्या भारतातल्या अकादमीतून जी-लीग इग्नाइटमध्ये गेला आणि २०२१ च्या समर लीगमध्ये विजेत्या सॅक्रामेंटो किंग्जच्या संघात होता.

यातला पैसा पाहावा. अमज्योत गेला त्या २०१७-१८ च्या मोसमात जी-लीगच्या खेळाडूचा पगार संपूर्ण मोसमाला १९ हजार किंवा २६ हजार डॉलर होता. रुपयांत बारा ते सतरा लाख. राहणे-विमा संघाकडे, पण करार मोसमापुरता, आणि उद्या नाव कापले तर विमानाचे तिकीट हातात. चेन्नईतल्या इंडियन ओव्हरसीज बँकेची कायम नोकरी आणि हा करार शेजारी मांडून बघितले, तर घरच्यांनी नोकरीच्या बाजूने कौल दिला म्हणून त्यांना भित्रे म्हणता येणार नाही.

इथे एक मराठी नाव येते. सॅक्रामेंटो किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईचे, जुहूत वाढलेले. २०१३ मध्ये त्यांनी संघ घेतला. त्याआधी मुलीच्या शाळकरी संघाचे ते प्रशिक्षक होते. उंचीत आणि कौशल्यात कमी असलेल्या त्या मुलींना त्यांनी संपूर्ण कोर्टभर प्रतिस्पर्ध्यांना दाबून धरायला शिकवले, आणि माल्कम ग्लॅडवेल यांनी त्यावर लिहिल्यावर तो किस्सा जगभर गेला. एप्रिल २०१५ मध्ये त्यांच्याच संघाकडून सिम भुल्लर एनबीएत खेळला, भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. तो कॅनडाचा नागरिक. ऑक्टोबर २०१९ मध्ये रणदिवे आपला संघ वरळीच्या एनएससीआय डोममध्ये घेऊन आले. इंडियाना पेसर्सशी दोन सामने झाले, पहिला जादा वेळेत १३२-१३१ असा एका गुणाने गेला. मालक मराठी, मैदान मुंबईचे, प्रेक्षक भारतीय, आणि कोर्टावर एकही भारतीय नागरिक नाही. त्या दोन दिवसांनी आपल्याला खेळाडू म्हणून जागे केले की गिऱ्हाईक म्हणून, यावर अजून एकमत नाही.

भुल्लरवरून आणखी एक वाद निघतो. भारतीय पासपोर्ट असेल तरच भारताकडून खेळता येईल, हे सरकारचे २००८ पासूनचे धोरण आहे. परदेशी वाढलेल्या भारतीय वंशाच्या मुलांना संघात घ्यावे, म्हणजे दर्जा चढेल, असे एक मत. इथल्या कोर्टावर खडूची रेषा ओढणाऱ्याची जागा तिकडच्या मुलाला द्यायची का, हे दुसरे. आशियातल्या अनेक देशांनी एखादा नागरिकत्व दिलेला खेळाडू घेऊन हा प्रश्न आपल्यापुरता सोडवला आहे. आपण सोडवलेला नाही. तरीही जुलै २०१४ मध्ये वुहानला भारताने चीनला त्यांच्याच घरी ६५-५८ असे हरवले होते, फक्त इथल्या मुलांच्या जोरावर. पहिल्या मताचे लोक हा निकाल अपवाद म्हणून सांगतात, दुसऱ्या मताचे पुरावा म्हणून.

मुलींची गोष्ट वेगळी मोजावी लागते

वरच्या तिन्ही बाजू बहुतेक मुलग्यांना धरून मांडल्या जातात. मुलींच्या बाबतीत तराजू नोकरीकडे जास्त झुकतो, कारण दुसऱ्या पारड्यात फारसे काही नाही. गीथू ॲना जोस दक्षिण रेल्वेची. २००६ ते २००८ ती ऑस्ट्रेलियाच्या रिंगवुड हॉक्सकडून खेळली आणि २०११ मध्ये अमेरिकेच्या डब्ल्यूएनबीएच्या तीन संघांनी तिची चाचणी घेतली. निवड झाली नाही. ती परत रेल्वेतच आली. पुण्याची शिरीन लिमये रेल्वेकडून आणि भारताकडून खेळत मोठी झाली, नागपूरची सिया देवधर वयोगटाच्या संघांतून भारताच्या वरिष्ठ संघापर्यंत पोचली. २०१७ मध्ये बेंगळुरूला भारतीय महिलांनी कझाकस्तानला हरवून आशियाई चषकाचा ‘ब’ गट जिंकला आणि वरच्या गटात गेल्या.

महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचा दबदबा इतका, की रेल्वे सोडून बाकीच्या संघांत दुसरा कोण, असाच प्रश्न अनेक वर्षे असायचा. टीकाकारांना यात एकाधिकार दिसतो. पण रेल्वेचा संघ नसता तर यातल्या किती मुली लग्नानंतर खेळल्या असत्या, हे कोर्टावरच्या बायांना विचारावे. नोकरीमुळे खेळ थांबतो ही मुलग्यांबद्दलची तक्रार मुलींच्या बाबतीत उलटी होते. नोकरी आहे म्हणून सासरी सराव मान्य होतो.

जे सुटलेले नाही

तिन्ही बाजूंचे आपापसांत वैर आहे असे नाही. एकाच खेळाडूच्या आयुष्यात तिन्ही येऊन जातात. अमृतपाल बँकेचाही होता आणि सिडनीचाही. गाठ बसते ती वेळापत्रकाच्या जागी. खात्याला त्याचा खेळाडू आंतरखाते स्पर्धेला हवा, महासंघाला शिबिरात, लीगला त्याच महिन्यात, आणि परदेशी संघाला सलग आठ महिने. हे चौघे बसून वर्षाचे एक कॅलेंडर ठरवतील, तर बाकीच्या बऱ्याच तक्रारी आपोआप सैल पडतील, असे माझे मत आहे. पैसा नंतर येतो, आधी सामने यावे लागतात. पण हे कॅलेंडर ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हाच अजून वाद आहे.

खेळ संपल्यावरचे आयुष्य हा दुसरा न सुटलेला भाग. खात्यात असलेल्याला खुर्ची मिळते. लीगच्या भरवशावर नोकरी न धरलेल्याचे काय? पतियाळाच्या एनआयएसची पदविका, शाळेत पीटीची जागा, नाहीतर खाजगी अकादमी. गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया लीगच्या मोसमानंतर निघाली तर खर्च कोणाचा, यावर करारात काय लिहिले आहे हे विशीतला मुलगा वाचत नाही, आणि वाचून सांगणारी खेळाडूंची संघटना त्याच्यापाशी नसते.

तिसरा प्रश्न जागेचा. विद्याधर नगराचा आराखडा ऐंशीच्या दशकात बाळकृष्ण दोशी यांनी केला, जन्माने पुण्याचे. नाव मात्र मूळ जयपूर आखणाऱ्या विद्याधर भट्टाचार्यांचे. उन्हाचा, वाऱ्याचा आणि माणसांच्या पायी जाण्याचा विचार करून आखलेल्या या वसाहतीत मोकळ्या जागा आजही दिसतात. तरी झाकलेले, लाकडी तळाचे कोर्ट गल्लीतल्या पोराच्या रोजच्या आवाक्यात नाही. मे-जूनमध्ये सिमेंट इतके तापते की सकाळी आठनंतर खेळणे बंद. राजस्थानातल्या मुलाच्या सरावाचे तास त्यामुळे आधीच कमी होतात. उंची, आहार, प्रशिक्षण या चर्चेत हा साधा हिशेब क्वचितच येतो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा कोर्टावर गेलो. प्रशिक्षक लेअप घोटून घेत होते, ‘‘पहले कदम गिनो, रिंग बाद में देखना.’’ ते स्वतः एका सरकारी खात्याच्या संघातून वीस वर्षे खेळलेले. सकाळी कार्यालय, संध्याकाळी कोर्ट, फी नाही. पोरे गेल्यावर त्यांनी चार चेंडू जाळीच्या पिशवीत भरले आणि स्कूटरच्या पुढ्यात ठेवले. एका चेंडूवर खात्याच्या नावाचा शिक्का होता, झिजून शेवटची दोनच अक्षरे राहिलेली. नवे चेंडू कधी मिळतात, विचारले. ते म्हणाले, मार्चमध्ये बजेट उरले तर.